पिवळी पूड आणि नायकाचा ताप

१

बोरखडीच्या सरकारी दवाखान्यातली चोरी उघडकीस आली ती हंसाबाईच्या तळहातावर.

कापूसवेचणीचे दिवस होते. दवाखान्याच्या अंगणात नेहमीप्रमाणे रोगी कमी आणि रोग्यांचे नातेवाईक जास्त होते. त्यांच्या मधोमध उभं राहून हंसाबाईने मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेला हात उंच केला. तळहातावर एक उघडलेली कॅपसूल होती आणि तिच्यातून सांडलेली पिवळीधमक पूड.

"पाहा रे बाप्पा, पाहा! हळद हाय ही! माह्या नवऱ्याले हळद चारून राह्यली ही बाई!"

हंसाबाईचा नवरा म्हणजे जवळच्या बंजारा तांड्याचा मुखिया, खेमसिंग नायक. तांड्यातली भांडणं मिटवणारा, दंड ठोठावणारा आणि आजवर कधी आजारी न पडलेला. आता न्यूमोनियाने दवाखान्याच्या खाटेवर पडला होता. डॉक्टर हातवळण्यांनी त्याला नव्या औषधाच्या कॅपसुली सुरू केल्या होत्या. औषधाचं नाव टेट्रासायक्लीन. ते गावात एकट्या डॉक्टरांना उच्चारता येई आणि तेही ते पुण्याचे म्हणून. "दोन दिवसांत ताप उतरेल," असं ते ठणकावून म्हणाले होते. ताप काही पुण्याचा नव्हता. त्याने ऐकलं नाही.

ती 'बाई' म्हणजे नर्स कौसल्या मेश्राम. गावाच्या खालच्या अंगाच्या वस्तीतली मुलगी. नागपूरला शिकून सरकारी नोकरीत लागलेली, वस्तीतली पहिलीच. वस्ती काही वर्षांपूर्वी बौद्ध झाली होती. गावाने ती बातमी ऐकून घेतली होती. मान्य करायला गाव सवड काढत होतं.

औषधाच्या कपाटाची किल्ली कौसल्याच्या कमरेला. त्यामुळे चोर शोधण्याचे कष्ट कोणाला पडले नाहीत. खऱ्या कॅपसुली बाहेर विकायच्या, रिकाम्या टोपणांत हळद भरायची, असा सगळा बेत अंगणातल्या लोकांनी दोन मिनिटांत तिच्या वतीने रचून दिला.

डॉक्टरांनी यवतमाळला कळवलं. आरोग्य खात्याचे साहेब बाजाराच्या दिवशी येणार असं उत्तर आलं. तोवर नायकाचा ताप उतरला नाही, तर बाईची नोकरी जाणार हे उघड होतं. मात्र तिच्या जागी इंजेक्शन द्यायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून चोरी सिद्ध होईपर्यंत चोरानेच काम पाहावं असं ठरलं.

"मी घेतलं नाही," कौसल्या एवढंच म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

हंसाबाईने तांड्यावर निरोप धाडला, "उत्तमसिंगले बोलवा. बेडी घेऊन ये म्हणा."

२

उत्तमसिंग बेडी न आणता तंबाखू घेऊन आला.

पोलिसात जमादार म्हणून चाकरी करून तो निवृत्त झाला होता. खेमसिंगचा चुलतभाऊ, म्हणजे हंसाबाईचा दीर. चाकरीत त्याने फार चोर पकडले असं नाही. पण समोरचा माणूस बोलत असताना तो इतक्या सावकाश तंबाखू मळे, की गुन्हेगाराला ती शांतता सोसत नसे आणि तो आपण होऊन पुढचं सांगून टाकी. वरिष्ठांनी याला तपासकौशल्य म्हटलं. लालीबाई, म्हणजे त्याची बायको, याला आळस म्हणे.

"भोजाई, हे तुह्या हातात कसं आलं?" त्याने विचारलं.

"सकाळची कॅपसूल त्याईले देल्लीच नाही मी. पदरात बांधली. म्हटलं, पाहू तं खरं आत काय भरलं हाय."

"म्हणजे बाईच्या समोर नाही उघडली."

"तिच्या समोर कायले? ती काय सांगून चोरी करन?"

उत्तमसिंगने पूड बोटाने हुंगली. मग चुन्याची डबी काढली, नखावर चुना घेतला आणि चिमूटभर पूड त्यात घालून तळहातावर मळू लागला. अंगण थबकलं. आजवर याने तंबाखूखेरीज काही मळलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"काय करून राह्यला तू?" हंसाबाई म्हणाली.

"पाह्य. हळदीत चुना पडला का काय होते?"

हे कोणाही बाईला विचारायची गरज नसते. हळदीत चुना पडला की लालभडक होतं. घरोघर कुंकू तसंच होई.

तळहातावरचं मिश्रण पिवळं होतं. मळून मळून पिवळंच राहिलं. उत्तमसिंगने जिभेचं टोक लावलं आणि त्याचं तोंड असं झालं, की पहिल्या रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरली.

"कडूजहर हाय. हळद नाही हे, भोजाई. औषध हाय. खरं."

हंसाबाईने तळहातावरची उरलेली पूड पदराला पुसली. पण ती नायकाची बायको होती. हरलेला मुद्दा सोडून दुसरा धरायला तिला वेळ लागत नसे.

"बरं, खरं हाय! मंग ताप काहून उतरत नाही?"

इतका वेळ एक चोर होता आणि चोरी होती. आता चोरी गेली होती आणि माणूस तसाच तापाने फणफणत होता.

३

डॉक्टर हातवळणे टेबलामागे बसले होते. सांगताना दुखावल्यासारखे दिसत होते, कारण औषधाने त्यांचा अपमान केला होता.

"निदान अचूक आहे, जमादार. औषध अचूक आहे. मी स्वतः सगळ्यांना एकच सूचना दिली. कॅपसूल वेळेवर घ्या, ताप उतरला तरी मध्येच सोडू नका, आणि पोटाला त्रास नको म्हणून दुधाबरोबर घेतलीत तर उत्तम. दूध नसेल तर पाणी चालेल."

"दुसऱ्या कोणाले देल्ली का ही कॅपसूल?"

"त्या वस्तीतल्या तुळसाबाईला. तिला तर खेमसिंगपेक्षा वाईट न्यूमोनिया होता. चौथ्या दिवशी मला न विचारता वेचणीला गेली!"

बाहेर कंपाउंडर देवीलाल बाटलीत लाल औषध ओतत होता. त्याला वाटलं आपल्यावर संशय आहे, म्हणून न विचारता त्याने शपथ घेतली.

"जमादारसाहेब, मायची आण. मी फक्त रिकाम्या बाटल्या घरी नेतो. लोणच्यासाठी."

"कॅपसुलीचं बोल."

देवीलालने आवाज उतरवला. "तुळसाबाई एका झपाट्यात बरी झाली, नायक पडून हाय. डब्बा एकच, बाई एकच. आता तुळसाबाई कोणत्या वस्तीची आन् बाई कोणत्या वस्तीची, हे मी कायले सांगू?"

असं म्हणून त्याने सांगितलंच.

कौसल्या वॉर्डाच्या कोपऱ्यात सुया उकळत होती. उत्तमसिंगला पाहून ती उठली.

"बसा काका. पाणी देऊ?"

"नको पोरी, आत्ताच पेलो," उत्तमसिंग म्हणाला आणि तंबाखू मळू लागला. कौसल्याला ती शांतता सोसली. तिने सुया मोजून ताटात काढल्या. शेवटी त्यालाच बोलावं लागलं.

"तुळसाबाईले कॅपसूल कशी देत होतीस?"

"उभी राहून. नागपूरले आम्हाले तेच शिकवलं. औषध हातात ठेवाचं नाही, पोटात गेलं का नाही ते पाहाचं. मी पेला भरून देतो, गिळलं का तोंड उघडून दाखवा म्हणतो. म्हातारीनं मले त्यासाठी शिव्या देल्ल्या."

"आन् नायकाले?"

कौसल्याने ताटातली सरळ असलेली सुई पुन्हा सरळ केली.

"त्याईच्या खाटेपाशी मले उभं राहू देत नाही हंसाबाई. 'ठेव तिथं आन् जा, मी देतो' म्हणते. मी कॅपसूल ठेवतो, पाण्याचा पेला भरून ठेवतो आन् जातो."

उत्तमसिंगचा अंगठा तळहातावर थांबला. म्हणजे ते औषध नायकाच्या पोटात जातं, हे सांगणारी जगात एकच व्यक्ती होती. आणि बेडी मागवली होती तिनेच.

४

तरी त्याने आधी वस्ती गाठली. आपल्या भोजाईवर संशय घेण्यापूर्वी माणूस जितका लांब चालता येईल तितका चालतो.

तुळसाबाई दारात कापसातला कचरा काढत बसली होती. कॅपसूलला ती 'कपशी' म्हणे.

"कपशी? खाल्ली ना. मोठी होती नळकांडीवानी, गळ्यात बसे. गिलासभर पाणी पेलो का उतरे."

"दुधासंगं नाही घेतली?"

म्हातारी इतकी हसली की तिला खोकला आला. तो आता नुसता हसण्याचा खोकला होता.

"दूध? दूधवाला गावातून फिरते, मारोतीपाशी येते आन् मागं फिरते. आमच्या वस्तीचा रस्ता त्याच्या सायकलीले मालूम नाही. डॉक्टर म्हणे, दूध नसन तं पाणी. म्हटलं, हे बरं हाय बाप्पा, गरिबाची सोय हाय याच्यात."

उत्तमसिंग उठला. देवीलालचा हिशेब खरा ठरत चालला होता. आपल्या माणसाला खरं औषध, परक्याला काहीतरी दुसरं. चुन्याने एकच कॅपसूल तपासली होती. बाकीच्यांची खात्री कोण देणार? नर्सबाईची नोकरी त्याला डोळ्यांसमोर जाताना दिसली.

इतक्यात शेजारच्या घरातून खोकला आला. हा हसण्याचा नव्हता.

"कोण हाय तिथं?"

"कोणी नाही," तुळसाबाई चटकन म्हणाली. इतकी चटकन, की उत्तमसिंगने सरळ त्या घराचं दार ढकललं.

आत भीमराज मास्तर गोधडी पांघरून पडले होते. शाळेत शिकवणारे, कौसल्याचे सख्खे मामा. डोळे तापाने लाल.

"मास्तर! तुमी बी?"

"हळू बोला, जमादार." मास्तरांनी उठायचा प्रयत्न केला. "मले बी तेच झालं. कौसल्यानंच कॅपसुली आणून देल्ल्या, डॉक्टरले विचारून. मामाले तोंड उघडा म्हणाले लाजली, हातात ठेवून गेली. गुण नाही. आता बाहेर सांगू कसा? लोक म्हणतीन, पाहा, मामाले बी हळद चारली पोरीनं. म्हणून मी 'बरा हाय' सांगतो आन् दार लावून खोकतो."

"मामाले बी खोटं औषध देईन का ती?" उत्तमसिंग स्वतःशीच पुटपुटला.

देवीलालचा सगळा हिशेब तिथल्या तिथे कोलमडला. आपला माणूस आजारी, परका आजारी, आणि बरी झालेली म्हातारी बाहेर बसून कापूस निवडत होती.

"मास्तर, कॅपसूल कशासंगं घेता?"

मास्तरांच्या चेहऱ्यावर तापातही थोडा अभिमान आला. त्यांनी परसाकडे बोट दाखवलं. तिथे एक शेळी बांधलेली होती, गुबगुबीत, पगारदार माणसाच्या घरची.

"डॉक्टरनं सांगितलं ना, दुधासंगं उत्तम. आपल्या घरी हाय, तं उत्तमच घ्यावं."

५

उत्तमसिंग परत आला तेव्हा नायकाच्या डोसाची वेळ झाली होती. तो खाटेच्या पायथ्याशी बसला आणि गंमत पाहायला आल्यासारखा पाहत राहिला.

कौसल्या आली. स्टुलावर कॅपसूल ठेवली, पेल्यात पाणी भरायला वाकली, पण पेला भरलेलाच होता. सकाळचाच होता. पाण्यावर धुळीची बारीक साय धरली होती. तिने ते पाणी बाहेर फेकलं, नवं भरलं आणि काही न बोलता पुढे गेली.

ती गेल्यावर हंसाबाईने पितळी किटली उघडली. म्हशीचं आटवलेलं दूध, वर बोटभर साय. नायकाने कॅपसूल तोंडात टाकली, दूध प्यायला, गिळलं. उत्तमसिंगने मान वाकडी करून गळ्याची घाटी हललेली पाहिली. औषध पोटात गेलं होतं. भोजाई सुटली.

"भोजाई, हे पाणी?"

"राहू दे."

"रोज राह्यते?"

हंसाबाईने किटलीचं झाकण जरा जास्तच जोरात लावलं. "गरम औषध हाय. दूधच पाह्यजे त्याले. डॉक्टर बी म्हणते."

"दूध घरचं हाय, म्हणून. पाणी तिच्या हातचं हाय, म्हणून. असंच ना?"

ती किटलीवरचा दुधाचा ओघळ पदराने पुसू लागली. नायकाने डोळे मिटले. उत्तमसिंगने विषय तिथेच सोडला, कारण सकाळी 'आत्ताच पेलो' म्हणणारा माणूस कोण होता हे त्याला पक्कं आठवत होतं. पाणी त्याने प्यायलं होतं ते पोस्टाच्या पाणपोईवर, आणि तेही त्यानंतर.

तो डॉक्टरांच्या खोलीत शिरला.

"साहेब, तीन रोगी हायेत. दोन दुधासंगं घेते, दोघं बी पडून हायेत. एक म्हशीचं, एक शेळीचं. एक पाण्यासंगं घेते, ती वेचणीले गेली. तुमच्या औषधाचं आन् दुधाचं काही वैर हाय का?"

"तीन? हां, मास्तर! ते तर बरे झाले, म्हणून मी मोजलेच नाहीत."

"बरे कुठं! बरे हायेत म्हणून तुमाले सांगून राह्यले आन् दार लावून खोकून राह्यले."

"मला कोणी सांगितलं नाही! आणि दुधाचं म्हणाल तर अशास्त्रीय कल्पना," डॉक्टर म्हणाले. मग त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते टोपी न घालता पोस्टात गेले.

नागपूरच्या त्यांच्या जुन्या प्राध्यापकांशी ट्रंक कॉल लागायला दुपार उलटली. पोस्टमास्तरांना एकच बाजू ऐकू येत होती. "हो सर... दुधाबरोबर, सर... मीच, सर... सर, तुम्ही हसताय का?"

डॉक्टर परतले ते एका वर्षाने म्हातारे होऊन.

"दुधात कॅल्शियम असतं. म्हणजे चुना समजा. या औषधाला तो धरून ठेवतो. दोघं एकमेकांना बिलगून पोटातून तसेच निघून जातात. औषध रक्तात पोचतच नाही. जेवणाच्या आधी, रिकाम्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर द्यायचं. दूध दोन तास आधी नाही, नंतर तासभर नाही." त्यांनी घसा साफ केला. "सूचना माझी होती. दूध उत्तम, असं मीच म्हणालो."

उत्तमसिंग उभा राहिला. गावात हे पहिल्यांदाच घडत होतं, की चूक सापडली होती आणि ती एका पुणेकराने स्वतःहून उचलली होती.

६

डॉक्टरांनी वॉर्डात येऊन सगळ्यांदेखत दूध बंद केलं. उत्तमसिंगने बाकीचं सांगितलं. चोरी झाली नाही, हळद नव्हती, बाईने प्रत्येक वेळी खरं औषध आणि भरलेला पेला ठेवला होता. औषध दुधाने अडवलं होतं.

"डॉक्टरचं चुकलं ते 'उत्तम' म्हणण्यात," तो म्हणाला. "आपलं चुकलं ते पेल्याकडे न पाहण्यात. 'आपलं' म्हणतो मी, भोजाई. माह्या बी घशाखाली या बाईचं पाणी आजवर गेलं नाही."

वॉर्डात सगळ्यांना एकदम छताची कौलं मोजावीशी वाटली.

हंसाबाई उठली. "ठीक हाय. तांड्यावरून घागर आणतो. पाणीच पाह्यजे ना?"

"आणा ना," कौसल्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. नर्सचा कामाचा आवाज होता. "पाणी स्वच्छ असलं का झालं. पण तांडा कोसभर हाय. संध्याकाळचा डोस आता झाला पाह्यजे. उशीर झाला तं आजचा दिवस बी गेला, आन् साहेब परवा येते."

तिने पेला धुतला, भरला. या वेळी स्टुलावर ठेवला नाही. हातात धरून उभी राहिली.

हंसाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तांड्यात कोणी कोणाच्या हातचं प्यावं आणि कोणी पिऊ नये, याचे निवाडे आजवर या माणसाने दिले होते. जो निवाडा तो आता देईल, तो उद्या तांडाभर जाईल, हे तिला ठाऊक होतं. नायकालाही ठाऊक होतं. छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि तो विचार करत होता. औषधाला कधी नव्हे एवढा वेळ लागला.

मग त्याने हात पुढे केला.

कॅपसूल, पाणी, घाटी. पेला रिकामा.

"तोंड उघडा," कौसल्या म्हणाली.

"काय?"

"उघडा. जीभ वर करा. हां. गिळली."

बारा तांड्यांत ज्याला कोणी 'बस' म्हणायला धजत नसे, त्या नायकाने जीभ वर करून दाखवली. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं निमित्त केलं.

दुसऱ्या दिवशी ताप थोडा उतरला. तिसऱ्या दिवशी सकाळी नायकाने भाकर मागितली, ती दुधाशिवाय मिळाली म्हणून शिवी घातली, आणि डॉक्टरांनी ती प्रकृती सुधारल्याची खूण मानली. वस्तीतून निरोप आला की मास्तरांची शेळी रागावली आहे, पण मास्तर उठून बसले आहेत.

बाजाराच्या दिवशी साहेब आले तेव्हा नायक उशीला टेकून बसला होता. साहेबांच्या हातात तक्रार होती, चेहऱ्यावर निकाल होता.

"कॅपसुलीत भेसळ झाल्याची तक्रार तुमच्या घरून आहे. नर्सवर. बरोबर?"

"माह्या घरून हाय," नायक म्हणाला. "तिचा निवाडा झाला."

"निवाडा मी करायचा आहे."

"तुमी लिहाचं. निवाडा मी केला. तांड्याचा रिवाज हाय, साहेब. खोटा आळ घेतला तं ज्याच्यावर घेतला त्याले पंगतीत बसवून जेवू घालाचं, सगळ्या तांड्यासमोर. आजवर हा दंड मी दुसऱ्याईले देत होतो. आता माह्यावर पडला." तो थांबला. दम लागला होता, की दुसरं काही, हे सांगता येत नव्हतं. "या सोमवारी बाई माह्या घरी जेवन. हंसा वाढन."

हंसाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "वाढन," ती म्हणाली. मग कौसल्याकडे न पाहता, "पुरणपोळी खाते का व तू?"

साहेबांनी लेखणी काढली, पण हे कोणत्या रकान्यात बसतं ते त्यांना सापडेना. शेवटी त्यांनी 'तक्रार निकाली' असं लिहिलं आणि डॉक्टरांकडे एक थंड नजर टाकून चहा मागवला. दुधाचा.

"सोमवारी नाही जमाचं," कौसल्या म्हणाली.

नायकाचा चेहरा पडला.

"काहून? अजून राग हाय?"

"राग नाही. सोमवारी तुमी इथंच राहान. ताप उतरला म्हणून कॅपसूल सोडता येत नाही. सगळ्या घेतल्याशिवाय मी तुमाले घरी सोडत नाही. पुढच्या सोमवारी येतो जेवाले."

नायक उत्तमसिंगकडे वळला. "पाह्य रे भिया. दंड भोगाले बी बाईची परवानगी लागते."

उत्तमसिंगने तंबाखूची डबी उघडली, विचार बदलला आणि बंद केली.

"पोरी," तो म्हणाला, "मले एक गिलास पाणी दे."